एसीएल तुटलंय: लगेच ऑपरेशन की आधी तीन महिने व्यायाम?

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की माणूस सगळ्यात आधी शेवटची ओळ वाचतो. माझ्या रिपोर्टच्या शेवटी एसीएल (गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि खालचं हाड धरून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे दोरीच) पूर्ण तुटल्याचं लिहिलं होतं, आणि पुढचे दोन दिवस मी दिसेल त्याला एकच विचारत होतो, ऑपरेशन करू का नको. एकजण म्हणाला दोरी तुटली ना, मग बांधल्याशिवाय कशी चालेल. दुसरा म्हणाला ऑपरेशनच्या फंदात पडूच नकोस, मांडी मजबूत कर आणि विसरून जा. दोघंही तितकेच ठाम, आणि दोघांचेही गुडघे धडधाकट!

मी शेवटी सात महिन्यांनी ऑपरेशन करून घेतलं. माझ्या मामेभावाचं माझ्या आधी दोन वर्षं तुटलं होतं, त्याने अजून केलेलं नाही आणि तो आठवड्यातून चार दिवस सायकल मारतो. त्यामुळे दोन्ही रस्ते घरातच बघितलेत, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, ही निवड प्रत्येकाला नसतेच. गुडघा एका जागी अडकलाय, काही केल्या पूर्ण सरळ होत नाहीये, तर बहुतेक मेनिस्कसचा म्हणजे आतल्या गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो, तिथे तीन महिने व्यायाम करून बघू वगैरे चालत नाही, लवकर सर्जनला दाखवायचं. एकापेक्षा जास्त लिगामेंट गेलीत, हाडाचा तुकडा निघालाय, तरीही तेच. पाय थंड किंवा बधिर पडला तर त्याच क्षणी इमर्जन्सी. लागल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत, गुडघा 90 अंशात वाकत नाही, वाटीवर दाबलं की दुखतं किंवा वय 55 किंवा जास्त आहे, तर आधी एक्सरे (याला ऑटावा नियम म्हणतात, जगभर वापरतात). आणि मूल अजून उंचीने वाढत असेल तर हाडाची वाढ जिथून होते त्या भागाचा विचार करावा लागतो, तो वेगळाच विषय, मुलांचे गुडघे बघणारा माणूस शोधा.

हे काही नसेल, फक्त एसीएल गेलंय, मग मात्र तुमच्याकडे वेळ आहे. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी ज्या पहिल्या डॉक्टरकडे गेलो त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी रिपोर्ट बघितला आणि पुढच्या आठवड्यातली तारीख सांगितली, तेव्हा गुडघा एवढा सुजलेला की पँट चढत नव्हती. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर नंतर तो कडक राहण्याची भीती जास्त असते, म्हणून आता बहुतेक सर्जन स्वतःच सांगतात की आधी सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे, मांडी जागी होऊ दे. म्हणजे ऑपरेशन करायचं ठरवलं तरी पहिले काही आठवडे व्यायामच आहे. ते आठवडे कुठल्याच रस्त्यावर फुकट जात नाहीत.

लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे तुटलेलं शिवून टाकतात. तसं नसतं बहुतेक वेळा. तुमच्याच मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडनचा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचा) एक पट्टा काढतात, दुर्बिणीतून हाडात बोगदे पाडून तो जुन्या लिगामेंटच्या जागी बसवतात. सुरुवातीला तो नुसता आणलेला पट्टा असतो, त्याचं लिगामेंट व्हायला शरीर महिनोन् महिने घेतं, आणि गंमत म्हणजे पहिल्या दोनतीन महिन्यांत तो आधीपेक्षा कमजोर होतो, नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि आपल्याला वाटतं झालो बरे.

ऑपरेशननंतरची दुसरी सकाळ मला अजून आठवते. फिजिओ म्हणाली पाय सरळ ठेवून वर उचला. मी म्हटलं यात काय मोठं. उचलायला गेलो आणि पाय हललाच नाही. दुखत होतं म्हणून नाही हां, मांडीपर्यंत ऑर्डरच पोचत नव्हती, मी बघतोय, जोर लावतोय, कपाळावर घाम आणि मांडी आपली मऊ लोण्यासारखी पडलेली. सांधा सुजला की मेंदू मांडीचा पुढचा स्नायू बंद करून टाकतो, ही नेहमीचीच गोष्ट आहे. पण मामेभावाला हे ऑपरेशनशिवायही झालं होतं, दुखापतीनंतर पहिल्या आठवड्यात, त्यामुळे याला ऑपरेशनचा तोटा म्हणून मोजू नका, फक्त ऑपरेशनवाल्यांना हे दोनदा भोगावं लागतं, एकदा पडल्यावर आणि एकदा टेबलावरून उतरल्यावर.

आता अभ्यास काय सांगतात. स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या पण व्यावसायिक खेळाडू नसलेल्या लोकांवर एक चाचणी झाली, 2010 साली छापून आली. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन आणि नंतर व्यायाम, अर्ध्यांना आधी व्यायाम, गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दुखणं, खेळ, रोजचं जगणं या सगळ्याचे मार्क काढले तर दोन्ही गटांत खास फरक नाही. व्यायामवाल्या 59 जणांपैकी दोन वर्षांत 23 जणांनी ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांत 30 जणांनी. ही चाचणी दोन्ही पार्ट्या आपापल्या बाजूने वापरतात, एक म्हणते बघा अर्धे वाचले, दुसरी म्हणते बघा अर्ध्यांना करावंच लागलं. नेदरलँड्समध्ये 167 जणांवर असंच केलं, 2021 ला आलं, तिथेही व्यायामवाल्यांतले निम्मे दोन वर्षांत टेबलावर गेले आणि लवकर ऑपरेशन केलेल्यांचे मार्क थोडे वर होते, पण थोडेच.

मात्र 2022 मध्ये ब्रिटनमधून 316 जणांचा निकाल आला तो वेगळा. ही माणसं ताज्या दुखापतीची नव्हती, यांचा गुडघा जुन्या दुखापतीनंतरही सटकतच होता. इथे दीड वर्षाने ऑपरेशनवाले 100 पैकी 73 वर आणि व्यायामवाले 64.6 वर. तीनही निकाल शेजारी ठेवले की मला जे दिसतं ते असं, ताजी दुखापत असेल तर आधी व्यायाम करून बघण्यात फारसं काही गमावत नाही, पण महिने गेले आणि गुडघा अजून दगा देतोय तर हट्टाने व्यायामच करत बसण्यात शहाणपणा नाही.

सगळा निर्णय या सटकण्यावर येऊन थांबतो. दुखणं वेगळं, सटकणं वेगळं. माझं पहिल्यांदा झालं तेव्हा मी पळतही नव्हतो, सपाट फुटपाथवर उभा होतो, मागून कुणीतरी हाक मारली म्हणून पाय तिथेच ठेवून वळलो आणि आतल्या आत मांडीचं हाड खालच्या हाडावरून घसरल्यासारखं वाटलं, एक सेकंद, परत जागेवर. दुखलं कमी, घाबरलो जास्त. प्रत्येक वेळी असं होताना आतली गादी चिरडू शकते, आणि गादी एकदा गेली की ती परत येत नाही, म्हातारपणी गुडघा झिजण्याचा धोका तिच्यामुळे खूप वाढतो. म्हणून मला कुणी विचारलं तर मी म्हणतो एसीएल वाचवण्यापेक्षा गादी वाचवा.

झिजण्याचा विषय निघालाच आहे तर, ऑपरेशन केलं म्हणजे पुढे संधिवात होणार नाही असं कुणी सांगत असेल तर तसं सिद्ध झालेलं नाही. एसीएल तुटलेल्या गुडघ्याला पुढे झीज होण्याची शक्यता दोन्ही रस्त्यांवर जास्तच असते.

कुणी कुठे झुकावं? सायकल, पोहणं, सरळ रेषेत पळणं, जिम, डोंगर चढणं, म्हणजे ज्यात गचकन वळायचं नाही, असा खेळ असेल तर आधी तीन महिने मन लावून व्यायाम, हेच मी सांगेन. मामेभाऊ यातलाच. फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन, कबड्डी असेल, वय विशीतलं असेल आणि खेळ सोडायची तयारीच नसेल तर ऑपरेशनकडे पारडं झुकतं. पण त्यातही एक कडू भाग आहे, पंचविशीच्या आतले जे परत खेळायला उतरतात त्यांच्यात जवळपास चारातल्या एकाचं तेच किंवा दुसऱ्या पायाचं एसीएल पुन्हा जातं. आणि ऑपरेशन केलेल्यांपैकी आधीच्या लेव्हलला परत पोचतात ते साधारण 65 टक्के. ऑपरेशन म्हणजे जुना गुडघा परत मिळाला, असं धरून चालू नका.

चाळिशीच्या पुढे, आठवड्यातून एकदा मजेसाठी खेळणारे, यांनी स्वतःला खरं विचारावं की नेमकं काय परत हवंय. मला फुटबॉल हवा होता, आणि त्याचं खरं कारण खेळ नव्हता, ती आठ माणसं होती. हे डॉक्टर विचारत नाहीत, विचारायला वेळ पण नसतो त्यांना.

ऑफिसचं म्हणाल तर बसून काम असेल तर ऑपरेशननंतर साधारण एकदोन आठवड्यांत लोक परत जातात, उभं राहून किंवा ओझं उचलायचं काम असेल तर तीनचार महिने धरून चाला. उजवा पाय असेल तर गाडी चालवायला आणखी थांबावं लागतं. व्यायामाच्या रस्त्यात सुट्टी कमी लागते पण वेळ तितकाच जातो, उलट मनाचं जास्त लागतं, कारण ऑपरेशन झालेल्याला घरचे पाणी आणून देतात आणि नुसता व्यायाम करणाऱ्याला वाटतं हा नाटकं करतोय.

ऑपरेशन ठरलंच तर पट्टा कुठला हेही विचारा. वाटीखालचा घेतला तर तो भक्कम बसतो पण नंतर गुडघ्यावर टेकून बसताना पुढे दुखू शकतं, ज्यांचं काम फरशीवर गुडघे टेकून करायचं आहे त्यांनी हे आधीच सांगावं. मांडीच्या मागचा घेतला तर ते दुखणं कमी, पण जोरात स्प्रिंट मारणाऱ्याला मागची ताकद परत आणायला कष्ट पडतात. मृत दात्याचा पट्टा तरुण खेळाडूंत जास्त वेळा फेल जातो, म्हणून विशीतल्या माणसाला तो कुणी सुचवला तर का, ते नीट विचारून घ्या.

आणि ऑपरेशननंतर मैदानात उतरायला नऊ महिने म्हणजे नऊ महिने. नॉर्वेत 106 जणांच्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळायला उतरणं प्रत्येक महिन्याने पुढे ढकललं तसा पुन्हा दुखापत होण्याचा दर 51 टक्क्यांनी कमी होत गेला. ज्यांनी ताकदीच्या आणि उड्यांच्या टेस्ट पास करून मैदान गाठलं त्यांच्यात 5.6 टक्के लोकांना परत लागलं, नापास होऊनही उतरले त्यांच्यात 38.2 टक्के. टेस्ट म्हणजे एका पायावर उडी, तीन उड्या, मशीनवर मांडीची ताकद, आणि दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हवा. ज्या फिजिओकडे हे मोजायची सोय किंवा इच्छाच नाही, जो नुसतं मशीन लावून शेक देतो, त्याच्याकडे तीन महिने गेलात तर तुम्ही व्यायामाचा रस्ता करून बघितला असं होत नाही, मग शेवटी "व्यायामाने काही होत नाही" म्हणायचं कारण नाही. मीही पहिला दीड महिना असाच घालवला, शेक घेत, फोन बघत.

मध्येच एखादा सांगेल की एसीएल आपोआप जुळतं. हे अगदीच थापेबाजी नाही. त्या स्वीडनच्या चाचणीतल्या व्यायाम गटाचे एमआरआय नंतर परत तपासले तेव्हा दोन वर्षांनी 54 पैकी 16 जणांत लिगामेंट जुळल्याच्या खुणा दिसल्या. पण तुमचं त्या 16 मध्ये असेल का हे आधी ओळखायची खात्रीची पद्धत नाही, त्यामुळे त्यावर बेत आखू नका, झालं तर बोनस.

तीन महिन्यांचा रस्ता निवडलात तर एक छोटी वही ठेवा. किती दुखलं ते लिहू नका, ते रोज बदलतं. फक्त गुडघा सटकला की तारीख आणि तेव्हा काय करत होतात ते एका ओळीत, फुटपाथवर वळलो, जिना उतरताना, बसमधून उतरताना. नवीन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा माझ्या वहीत तीन तारखा होत्या, तिसरी ओळ "अंघोळीनंतर टॉवेल घेताना" अशी होती, आणि ती वाचून त्यांनी वही मिटली, मग गुडघा हातात घेतला.