खडकवासला, पवना की आमच्या गावचा तलाव?

मेहुणीचा मेसेज आला : "दाजी, खडकवासल्याला पाय ठेवायला जागा नसते, पवनेला तंबूचे पैसे फार. तुमच्या गावच्या धरणावर जाऊ या की. लहानसं आहे, पोरं मोकळी खेळतील." एकूण अकरा माणसं. त्यात चार पोरं, पोहता येतं असं छातीठोक सांगणारे दोन कॉलेजकुमार आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. गाव माझं, म्हणून निवाडाही माझ्याकडे.

आमचं धरण म्हणजे भोर तालुक्यात एका ओढ्यावर बांधलेला मातीचा तलाव. गावात त्याला धरण कुणी म्हणतच नाही. भिंत 10 मीटरचीसुद्धा नाही, एका अंगाला जादा पाणी वाहून जायला दगडी सांडवा, आणि भिंतीलगत पाण्यात उभी असलेली, पाणी सोडायची विहीर. मी पोहायला तिथेच शिकलो आणि आठवीत असताना तिथल्याच सांडव्यावर जाता जाता वाचलो. त्यामुळे "लहानसं आहे" एवढं वाचून माझं उत्तर लांबलं.

खडकवासला आधी उरकतो. तिथे आपण खरं तर धरणावर जात नाही, धरणाशेजारच्या रस्त्यावर जातो. गाडी लावायला अर्धा तास, मग कणीस, कांदाभजी, वाऱ्याने उलटी होणारी छत्री आणि परत. 1879 साली पुरं झालेल्या या धरणाला दरवाजे आहेत, दरवाजांवर माणसं आहेत, आणि पावसाळ्यात किती क्युसेक सोडले ते घरबसल्या कळतं. भिडे पूल पाण्याखाली गेला की सगळ्या पुण्याला समजतं. तरीही 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलंच. म्हणजे मोठ्या धरणाच्या विसर्गाची झळ वर कणीस खाणाऱ्याला नाही, खाली नदीकाठाला बसते. येताना "जरा नदीत पाय बुडवू" एवढं टाळायचं. शिवाय सासूबाईंना गाडीतून उतरून फार चालायला लागत नाही, आणि आमच्या घरात या मुद्द्याला वजन आहे.

पवनेचं पाणी देखणं आहे, खोटं कशाला बोलू. तुंग, तिकोना, लोहगड सगळे भोवती. पण तिथेही तुम्ही धरणावर नाही, कुणाच्या तरी कॅम्पवर जाता. म्हणून धरण जोखत बसू नका, कॅम्पवाला जोखा. बोटीत माणशी जॅकेट आहे का, पोरांच्या मापाचं आहे का आणि रात्री काठावर कोण जागं असतं, एवढं फोनवर विचारा. "आहे ना सर, सगळं आहे" असं उत्तर आलं तर जॅकेटचे फोटो मागवा. मोठ्या माणसाचं जॅकेट पोराला घातलं की पाण्यात जॅकेट वर येतं आणि पोरगं त्यातून खाली सरकतं. तंबू पाण्याच्या कडेला नको, मावळातल्या एका रात्रीच्या पावसात काठ पुढे येतो. मावळाची एक जमेची बाजू म्हणजे लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रसारखी सरावलेली बचाव संस्था त्या भागात आहे. आमच्याकडे काही झालं तर धावणार ते आमचे थोरले काका, वय सत्तरीच्या पुढे.

आता आमचा तलाव. मोठ्या धरणातून पाणी माणूस सोडतो, आमच्याकडे ते आपलं आपण सुटतं. सांडव्याला दरवाजा नाही, भोंगा नाही, पहारेकरी नाही. मागच्या डोंगरावर पाऊस झाला की तलाव सांडायला लागतो, एवढंच. पाणलोट लहान असल्यामुळे डोंगरावरचं पाणी खाली यायला फार वेळही लागत नाही. गावात ऊन पडलेलं असतं आणि डोंगर काळा असतो.

आठवीतला तो दिवस असाच होता. सांडव्यावरून घोटाभर पाणी पडत होतं आणि आम्ही चार पोरं ओळीने बसलो होतो. माझी एक चप्पल सुटली, ती धरायला मी दोन पावलं पुढे गेलो. खाली शेवाळ. तेवढ्यात पाणी घोट्यावरून गुडघ्याला आलं कधी ते कळलंच नाही. पाय उचलला की शरीर आडवं होतंय आणि नाही उचलला तर पायाखालचं सरकतंय, एवढंच आठवतं. काकांनी शर्टाची कॉलर धरून ओढलं. नंतर त्यांनी मारलं नाही, फक्त विचारलं, "पाण्याचा रंग बघितला होतास का?" नव्हता बघितला. आधी पाणी गढूळ होतं, मग काटक्या आणि पाला वाहत येतो, मग आवाज जड होतो. रंग बदलला की उठायचं, हा काकांचा नियम. सांडव्याखाली पाणी जिथे उलटं फिरतं, त्या फेसात तर धड पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. तिथेही धरणाचं काही बिघडलं नव्हतं. वरून लोंढा आला आणि ते मधल्या खडकावर अडकले. तेव्हापासून "लहानसं" हा शब्द ऐकला की मला तोच खडक आठवतो.

बरं, पावसाळा टाळून मे महिन्यात गेलो तर? सांडवा कोरडा असतो, पण तळ बिनभरवशाचा. भिंत बांधताना माती काढली ती बऱ्याचदा तलावाच्या पोटातूनच, ते खड्डे आजही आत आहेत. त्यात गाळ काढायच्या योजनेत जेसीबीने पुन्हा उकरलं. जेसीबीचा खड्डा ओढ्याच्या डोहासारखा उतरता नसतो, कडा उभी कापलेली असते. कमरेएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन पुरुष खोल. एकाचा पाय गेला की दुसरा हात द्यायला जातो, मग तिसरा. मे 2022 मध्ये भोर तालुक्यातच, भाटघरच्या पाण्यात पाच बायका बुडाल्या. भाटघर केवढं आणि आमचा तलाव केवढा, पण माणूस बुडायला पुरुषभर पाणी पुरतं.

आणखी दोन गोष्टी शहरातून येणाऱ्याला दिसत नाहीत. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, त्यांच्या वायरी पाण्यातून जातात आणि जोड चिकटपट्टीचे असतात. मोटार चालू असेल तर त्या बाजूला पाय घालायचा नाही. दुसरी ती पाणी सोडायची विहीर. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं असलं की तिच्या तोंडापाशी ओढ असते, वरून पाणी मात्र शांत दिसतं. कॉलेजकुमारांना नेमकं तिथूनच उडी मारायची असते.

भिंतीबद्दल थोडं. मातीची भिंत एरवी बसायला चांगली, पण खालच्या पायथ्याला आधी नजर टाका. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ते बहुतेक नेहमीचंच. गढूळ झिरपत असेल तर पाण्याबरोबर भिंतीची माती निघून चालली आहे. माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग दिसली तरी गाड्या वळवा आणि गावात सांगा. चिपळूणजवळचं तिवरे धरणही लहानच होतं. 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी लोंढ्यात सापडली. नंतर भिंत पोखरल्याचं खापर खेकड्यांवर फोडलं गेलं, ते सगळ्यांना आठवत असेल. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, 10 ते 15 मीटरमधल्यांना काही अटींवर. आमच्यासारख्या तलावांना तो लागतच नाही. बोर्ड आहे, पण त्यावर आता वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स आहे.

आणि फोन. खडकवासल्याच्या चौपाटीवरून मदतीचा 112 लागतो. आमच्या तलावावर रेंज नाही, त्यासाठी देवळाच्या टेकाडावर चढावं लागतं, आणि रुग्णवाहिका येणार भोरहून.

एवढं सगळं असूनही मी गावचा तलाव यादीतून काढलेला नाही. डिसेंबरात पाणी स्थिर असतं, सांडवा बंद असतो, डोंगरावर ढग नसतो. वरच्या अंगाला उंबराखाली सतरंजी टाकली की समोर पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसतात, खंड्या सूर मारतो, आणि काकूंच्या पिठलं-भाकरीला वास येतो चुलीचा. खडकवासल्याच्या कणसाची त्याच्याशी बरोबरी नाही. फक्त तिथे आपल्याला राखणारं कुणी नाही हे धरून जायचं. पोरं काठावर, पाण्यात कुणी नाही, आणि एक मोठा माणूस पाळीपाळीने जेवण सोडून पाण्याकडे तोंड करून बसणार. हे जमत नसेल तर पैसे मोजून पवना बरी. तेही पावसाळा सरल्यावर, आणि जॅकेटचे फोटो आल्यावरच.

मेहुणीला कळवलं : जुलैत खडकवासला, सासूबाईंसकट, गाडीतून उतरून कणीस आणि परत. नाताळच्या सुट्टीत गाव. तिचा रिप्लाय आला, "पोरं नाराज होतील." काकांना फोन केला तर म्हणाले, ट्रॅक्टरच्या दोन जुन्या ट्यूब आहेत, पंक्चर काढून ठेवतो, आणि येताना पुण्याहून पन्नास फूट चांगला दोर घेऊन ये, इथला विहिरीचा कुजलाय.