बर्म्युडाला थांबायचं की सरळ सुटायचं?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक बेच्या धक्क्यांवर एकच विषय असतो: यंदा खाली कधी निघताय? 'खाली' म्हणजे कॅरिबियन. न्यू जर्सीतल्या एका मराठी जोडप्याने मला विचारलं, कधी ते नंतर, आधी कुठून जायचं ते सांगा. बोट अडतीस फुटी. दोघांनीही उन्हाळ्यांत भरपूर शीड हाताळलंय, पण किनाऱ्याचे दिवे दिसेनासे झाल्यावरची सलग तिसरी रात्र अजून पाहिलेली नाही. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी तारखेचं, कारण ती कात्री सगळ्याच मार्गांना लागू आहे. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर. बऱ्याच विमा पॉलिसी १ नोव्हेंबरच्या आत दक्षिणेला उतरू देत नाहीत. उलट नोव्हेंबर सरत जातो तशा अमेरिकेच्या किनाऱ्यावरून एकामागून एक कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेच्या वादळी आघाड्या, सुटतात, आणि दर वेळी जास्त जोराच्या. मधे उरते दोन-तीन आठवड्यांची फट. कोकणात नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटत नाहीत, त्यातलाच प्रकार. फक्त इथे दार दोन्ही बाजूंनी मिटत असतं. आणि १ नोव्हेंबर म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. १९९९ मध्ये 'लेनी' हे चक्रीवादळ नोव्हेंबरच्या मध्यात आलं, तेही कॅरिबियनमध्ये चक्क पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि सेंट क्रॉय बेटाला झोडपून गेलं.

थेट मार्ग म्हणजे व्हर्जिनियातलं हॅम्प्टन ते अँटिग्वा. प्रत्यक्ष कापायचं अंतर दीडेक हजार सागरी मैल, अडतीस-चाळीस फुटी बोटीला दहा ते बारा दिवस. यातली खरी परीक्षा पहिल्या दोन दिवसांतच होते, तिचं नाव गल्फ स्ट्रीम, म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून वाहणारा समुद्रातला उबदार प्रवाह. साधारण एका दिवसाने तो लागतो. पाण्याचं तापमान सतरा-अठरावरून पंचवीसच्या पुढे उडी मारतं, हवा एकदम दमट होते, जॅकेट काढावंसं वाटतं. सरगॅसम शेवाळाचे पिवळट पट्टे दिसू लागतात आणि बोटीचं नाक दाखवतं एक दिशा, जीपीएस दाखवतो दुसरीच. प्रवाह तीन-चार नॉटने (ताशी सागरी मैल) ईशान्येला पळत असतो. त्याच्या विरुद्ध, म्हणजे उत्तरेकडून वारा आला की लाटा नुसत्या उंच होत नाहीत, त्या जवळजवळ आणि उभ्या होतात. बोट एकीवरून उतरायच्या आत दुसरी समोर. म्हणून डाव असा असतो: फ्रंट पुढे गेली, वायव्येचा वारा निवळायला लागला की निघायचं, वाऱ्यातली उत्तर संपली की प्रवाह ओलांडायचा, आणि पुढची फ्रंट यायच्या आत पलीकडे दूर असायचं. २०१३ च्या नोव्हेंबरात याच पट्ट्यात काही बोटींची सुकाणं आणि डोलकाठ्या मोडल्या आणि कोस्ट गार्डला धावावं लागलं.

प्रवाह पार झाला की लगेच दक्षिणेला वळायचा मोह होतो. तो आवरायचा. व्यापारी वारे लागतात ते पूर्वेकडून, त्यामुळे पूर्वेचं अंतर आधीच कापून ठेवावं लागतं, नाहीतर शेवटचे तीनशे मैल वाऱ्याच्या तोंडावर आपटत जावं लागतं. ६५ अंश पश्चिम रेखांश गाठून मग खाली उतरायचं, अशी जुनी रीत आहे. अमेरिकन मंडळी त्याला गमतीने 'आय-६५' म्हणतात, हायवे असल्यासारखं.

आता बर्म्युडा. लोक याला लांबचा वळसा समजतात. हिशोब करा: हॅम्प्टन ते बर्म्युडा सुमारे ६३५ मैल, तिथून अँटिग्वा ९३५ च्या आसपास. म्हणजे वाकडी वाट जेमतेम शंभर मैलांची. शिवाय बर्म्युडा ६५ अंशाच्या अगदी जवळ असल्यामुळे पूर्वेचं काम आपोआप उरकतं. साडेचार-पाच दिवसांनी सेंट जॉर्जेस बंदराच्या टाउन कट या अरुंद तोंडातून आत शिरलात की गरम पाण्याची अंघोळ, सलग आठ तास झोप, आणि जे काय मोडलं असेल त्याची दुरुस्ती. बोट लागून पाच दिवस बादलीला मिठी मारून बसलेला क्रू इथून विमानाने परतही जाऊ शकतो. विमानतळ बंदरापासून जवळच आहे. ऱ्होड आयलंडमधलं न्यूपोर्ट किंवा त्याच्याही उत्तरेकडून निघणाऱ्यांना तर हीच वाट सरळ पडते.

मग खोट कुठे? गल्फ स्ट्रीम इथेही चुकत नाही, हे एक. बेटाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मैलोन् मैल प्रवाळाचे खडक आहेत, रात्री दमलेल्या डोळ्यांनी जवळ जाऊ नये, हे दुसरं. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हवामानाची संधी एकदा नाही, दोनदा साधावी लागते. बर्म्युडात आठ-दहा दिवस अडकणं अगदी नेहमीचं आहे. तोवर क्रूची रजा संपते, ऑफिसचे फोन येतात, आणि कुणीतरी म्हणतं, एवढं काही वाईट दिसत नाही, निघूया. मी क्रू म्हणून गेलो त्या वर्षी आम्ही हेच केलं. पुढचे तीस तास खालच्या फळ्या कुरकुरत होत्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि ज्याच्या विमानाच्या तिकिटासाठी घाई केली तो सगळ्यात जास्त गप्प होता.

तिसरी वाट काठाकाठाने. नॉरफोकहून इंट्राकोस्टल कालव्याने फ्लोरिडा, मग बहामा, टर्क्स अँड केकोस, डॉमिनिकन रिपब्लिक, मोना पॅसेज ओलांडून पोर्तो रिको. डोलकाठी ६५ फुटांहून उंच असेल तर कालव्याचा विषयच सोडा, पूल आडवे येतात. पुढे सगळा प्रवास व्यापारी वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणूनच या वाटेला काटेरी म्हणतात. हिस्पॅनिओला, म्हणजे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक ज्यावर आहेत ते बेट, त्याच्या उत्तर किनाऱ्याला रात्री जमिनीवरून आपल्या मतलईसारखा वारा उतरतो आणि मूळ वाऱ्याचा जोर मोडतो. त्या काही तासांत किनाऱ्याला चिकटून पुढे सरकायचं, दिवसा नांगर टाकून झोपायचं. वेळ मात्र महिन्यांत मोजा. बहामातल्या एक्झुमामधल्या जॉर्जटाउनला 'चिकन हार्बर', म्हणजे भित्र्यांचं बंदर, हे टोपणनाव पडलंय, कारण कितीतरी जण तिथवर येऊन पुढचा बेतच रद्द करतात. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. त्या पाण्याचा रंग पाहिलात तर तुम्हीही थांबाल. पासपोर्ट अजून भारतीय असेल तर या वाटेवर देश जास्त, म्हणून व्हिसाचे नियमही जास्त, ते आधी बघा.

रॅलीत, म्हणजे बऱ्याच बोटी मिळून निघतात त्या ताफ्यात, जावं का, हेही त्यांनी विचारलं. जावं. सामानाची यादी, हवामानाची माहिती आणि रेडिओवर ओळखीचे आवाज मिळतात. पण चाळीस बोटी सुटल्या म्हणून आपण सुटायचं नाही.

माझं मत: दोघंच जाणार असाल तर थेट मार्ग या वर्षी नको. तीन-तीन तासांच्या पाळ्या दोन माणसांनी बारा दिवस ओढायच्या, त्यात ऑटोपायलट बंद पडला तर रात्रंदिवस सुकाणू हातात. आधी एकदा दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून तो पट्टा बघून या. चार जण असाल, त्यातल्या एकाने गल्फ स्ट्रीम आधी ओलांडलेला असेल आणि कुणाच्याही खिशात परतीचं तिकीट नसेल, तर हॅम्प्टनहून खुशाल सरळ सुटा. काटेरी वाट त्यांच्यासाठी, ज्यांनी नोकरी सोडलीय.

जोडप्याने बर्म्युडा ठरवलंय, दोन मित्रांना बरोबर घेऊन. मित्रांना रजा तीन आठवड्यांची आहे, ती मी पाचची करायला सांगितली. एवढ्यात जोडप्यातल्या काकूंनी मागून विचारलं, कुकर न्यावा का? न्यावा, लहानच न्यावा. झाकण घट्ट बसतं, त्यामुळे बोट कलली तरी खिचडी भांड्यातच राहते.