वाटी 'बसवून' देणाऱ्यांपासून सावध राहा

कबड्डीत पाय जमिनीत रोवलेला, गुडघा जरासा वाकलेला आणि अंग मात्र गर्रकन वळलेलं. अशा वेळी गुडघ्याची वाटी सटकन बाहेरच्या बाजूला सरकते. मुलगी कळवळते, कुणीतरी पाय सरळ करतं आणि वाटी परत जागेवर जाते. बहुतेकदा ती पाय सरळ होताच आपोआप बसते. फसवणाऱ्यांचं सगळं फावतं ते इथेच, कारण त्यानंतर जो हात लावेल त्याला श्रेय आयतंच मिळतं.

पहिली गाठ पडते हाड बसवणाऱ्याशी. सुजलेला गुडघा दाबायचा, पाय ओढायचा, "बसली बघा" म्हणायचं, लेप लावून बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधायचं आणि पुढच्या बैठकांचे पैसे आगाऊ घ्यायचे. आत काय झालंय याचा पत्ताच नसतो. वाटीला आतल्या बाजूने मांडीच्या हाडाशी धरून ठेवणारा बंध, एमपीएफएल, अशा वेळी फाटतो. गुडघा सरळ असल्यापासून साधारण 30 अंश वाकेपर्यंत वाटी बाहेर न जाऊ देण्याचं मुख्य काम त्याचंच. शिवाय परत बसताना वाटी मांडीच्या हाडाच्या कडेवर आपटते आणि कधीकधी कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तराचा, तुकडा हाडासकट निघून सांध्यात पडतो. काही तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचलंय असं समजा. मोठा तुकडा लवकर कळला तर जागेवर बसवता येतो. मालिश करण्यात महिने गेले की ती संधी गेली. म्हणून पहिल्यांदाच वाटी सरकली असली तरी एक्स-रे काढाच: समोरून, बाजूने आणि गुडघा वाकवून वाटी व तिची खोबण दिसेल असा, म्हणजे 'स्कायलाइन'. सूज मोठी असेल तर एमआरआयही.

दुसरा प्रकार इंजेक्शनचा. "वंगण कमी झालंय" असं सोळा वर्षांच्या मुलीला सांगितलं जातं. वंगणाचं इंजेक्शन झिजलेल्या गुडघ्यासाठी असतं. त्याने फाटलेला बंध जुळत नाही आणि वाटी जिच्यात सरकते ती मांडीच्या हाडावरची खोबण उथळ असेल तर तीही खोल होत नाही. पीआरपीचंही, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनचंही, तेच. वाटीपुरतं भोक असलेल्या निओप्रीनच्या, म्हणजे रबरी कापडाच्या, पट्ट्याने धीर येतो, पण ज्या गुडघ्याची घडणच वाटी सटकेल अशी आहे, तिथे तो तिला रोखू शकत नाही.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी गोष्ट. "दुर्बिणीतून बाहेरची शीर सैल करू, दोन टाके, उद्या घरी." वारंवार सरकणाऱ्या वाटीला नुसती ही शस्त्रक्रिया पुरत नाही. ही 'शीर' म्हणजे वाटीच्या बाहेरच्या बाजूचे धागे, आणि तेही वाटीला थोडा आधार देत असतात. ते कापल्यावर ती आणखी डळमळते, कधी उलट आतल्या बाजूलाही सरकते.

खरी तपासणी कशी ओळखायची? डॉक्टर गुडघा किंचित वाकवून वाटी हळूच बाहेर ढकलतात, तेव्हा रुग्ण घाबरून मांडी आवळतो, त्यांचा हात धरतो. मग मापं काढली जातात. वाटी किती वर आहे ते पाहतात, केटन-डेशाम्प गुणोत्तर 1.2 च्या वर गेलं तर ती उंच. नडगीवरचा उंचवटा खोबणीपासून किती बाहेर आहे तेही मोजतात, 20 मिमीपेक्षा जास्त म्हणजे खूपच. ही मापं न सांगता कुणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

तुकडा निघालेला नसेल तर पहिल्या वेळी सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. काही आठवडे पट्टा आणि लगेच व्यायाम: मांडी आवळून सरळ पाय वीतभर उचलायचा, 5 सेकंद धरायचा, 10 वेळा, दिवसातून तीनदा. पुढे कुशीवर झोपून पाय वर उचलणं, म्हणजे खुब्याचे स्नायूही तयार होतात. खेळायला परतायला साधारण तीन-चार महिने लागतात. वाटी पुन्हा पुन्हा सरकत असेल तर मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन एमपीएफएल नव्याने बांधतात, गरज असेल तर नडगीवरचा उंचवटाही सरकवतात. मात्र वाढीची रेषा उघडी असलेल्या, म्हणजे हाडं अजून वाढत असलेल्या, मुलांमध्ये हा उंचवटा कापायचा नसतो, कारण वाढीला इजा होऊन पाय मागे वाकू शकतो. दोरीसाठी मांडीच्या हाडातलं भोक काही मिलिमीटर जरी चुकलं तरी ती ताणली जाते आणि गुडघा वाकत नाही. म्हणून ती जागा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच एक्स-रेने पाहतात. "हे तुम्ही करता का?" असं आधीच विचारा.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येतो. पावती, फिल्म आणि शस्त्रक्रियेची लेखी नोंद मागून घ्या. फसवणूक झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि तिथे हेच कागद लागतात.