म्युनिकहून शेजारच्या देशांत, सहकुटुंब रेल्वेने: नऊ महिन्यांनंतरचा हिशोब

फेब्रुवारीतला शनिवार होता. सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या कुफश्टाइनला जाणाऱ्या लोकल गाडीत तिकीट तपासनीस आला. मी ऐटीत माझं डॉइचलँडटिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास, दाखवलं, नवऱ्याने त्याचं दाखवलं. तपासनीसाने लेकीकडे बघून विचारलं, हिचं वय किती? मी म्हटलं, नऊ. "मग हिचं तिकीट?" साडेचार वर्षांच्या धाकट्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. साठ युरो दंड भरून आम्ही कुफश्टाइनला उतरलो. बाकीचे किल्ला बघत होते आणि मी पायऱ्यांवर बसून मोबाइलवर नियम वाचत होते.

चूक सरळ माझी होती. मुलं आपल्यासोबत फुकट, असं कुणीतरी सांगितलेलं मी तसंच धरून चालले होते. प्रत्यक्षात डॉइचलँडटिकिटावर सहा वर्षांखालचं मूलच फुकट. सहा पूर्ण झालं की त्याला स्वतःचं तिकीट लागतं. उलट बायर्न-टिकीट नावाचं जे दिवसभराचं तिकीट आहे, त्यावर आपली चौदा वर्षांपर्यंतची मुलं आणि नातवंडंही मोठ्यांबरोबर फुकट जातात. दोघा मोठ्यांचं मिळून ते पन्नास युरोच्या आत येतं आणि कुफश्टाइन, साल्झबुर्ग या सीमेपलीकडच्या दोन्ही स्टेशनांपर्यंत चालतं. अट एवढीच, की सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही. शनिवार-रविवारी ती अटही नाही. म्हणजे त्या दिवशी आमच्याकडे योग्य तिकीट असतं, तर दंडापेक्षा कमी पैशांत चौघं जाऊन आलो असतो.

त्यानंतरच्या नऊ महिन्यांत ऑस्ट्रिया तीनदा, इटली, स्वित्झर्लंड, चेक आणि लक्झेंबर्ग एकेकदा झालं. आमच्याकडे कार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरीहून आई-बाबा आले होते, तेव्हा आम्ही सहा जण होतो. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

सुरुवातीला मला वाटायचं, एखादा मोठा पास घेतला की प्रश्न मिटला. इंटररेलचा पास ३३ देशांत चालतो, युरोपात राहणाऱ्या कुणालाही मिळतो, पासपोर्ट भारतीय असला तरी चालतो. भारतातून येणाऱ्यांसाठी तोच पास युरेल या नावाने असतो. एका मोठ्या माणसाच्या पासवर चार ते अकरा वर्षांची दोन मुलं फुकट. वाचायला झकास वाटतं. जूनमधल्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत इटलीसाठी आम्ही महिनाभरात चार दिवस प्रवासाचा पास घेतला. दोघांचे मिळून साडेपाचशेच्या वर गेले. मग कळलं, की इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षण सक्तीचं, माणशी १३ युरो. मुलांचा पास फुकट असला तरी जागेचे पैसे त्यांनाही पडतात. व्हेरोना ते फ्लोरेन्स एका फेरीला चौघांचे ५२ युरो नुसत्या जागांचे. आणि ज्या देशात राहतो, तिथे हा पास फक्त एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला चालतो.

पास वाईट नाही. रोज नवं गाव, रोज चार-पाच तास गाडीत, ऐनवेळी ठरवायचं, असा प्रवास असेल आणि तो ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्ससारख्या देशांत असेल जिथे बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नाही, तर तो वसूल होतो. लहान मुलं घेऊन कोण रोज नवं गाव करतं? आमची दोघं तिसऱ्या दिवशी व्हेरोनाच्या बागेतल्या झोपाळ्यावरून उतरायला तयार नव्हती. इटलीत पुन्हा गेलो तर साध्या 'रेजोनाले' गाड्यांनीच फिरेन. त्यांचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं, आज घ्या नाहीतर महिन्याआधी घ्या, तेवढंच. फक्त संपाची तारीख बघून ठेवायची. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक गाड्या संपातही सोडतात, ही आयत्या वेळी उपयोगी पडणारी माहिती आहे.

आम्हाला सगळ्यात स्वस्त काय पडलं? जर्मनीतून निघणारं साधं, आधी काढलेलं, ठरलेल्या गाडीचं तिकीट. इथे त्याला श्पारप्राइस म्हणतात. बानकार्ड २५, म्हणजे जर्मन रेल्वेचं सवलतीचं कार्ड, असेल तर त्यावर आणखी २५ टक्के सूट. आणि खरी गंमत म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं मूल मोठ्या माणसाबरोबर या तिकिटावर फुकट. आम्हाला ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या तिकिटांवरही ही सवलत मिळाली. पण तिकीट काढतानाच मुलाचं नाव प्रवाशांत टाकायला हवं. 'फुकट तर आहे, कशाला टाकायचं' म्हणून वगळलं, तर कुफश्टाइनची पुनरावृत्ती.

तिकिटं कित्येक महिने आधी उघडतात आणि जसजशी विकली जातात तसतशी महाग होतात. आईला याचं फार नवल. "म्हणजे वेटिंग लिस्ट नाहीच?" नाही. जागा असते, फक्त दाम चढलेला असतो. आपल्याकडे आता साठ दिवस आधी आरक्षण सुरू होतं आणि गणपतीत कोकण रेल्वेची तिकिटं बघता बघता संपतात. ज्यांनी ते दिव्य पार केलंय, त्यांना हा प्रकार अगदी सोपा.

आता माझी दुसरी घोडचूक. मे महिन्यात व्हिएन्नाला जाताना मी तेवीस युरो वाचवायला प्रवासाचे दोन तुकडे केले. साल्झबुर्गपर्यंत बायर्न-टिकीट, पुढे व्हिएन्नापर्यंत ठरलेल्या गाडीचं स्वस्त तिकीट. मध्ये अठरा मिनिटं. पहिली गाडी वीस मिनिटं उशिरा पोचली आणि पुढची निघून गेली. तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे उशीर कुणाच्या माथी मारायचा प्रश्नच नाही. खिडकीवरच्या बाईंनी मुलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, पूर्ण भाडं कशाला देता, आधी कुटुंबाचं कार्ड घ्या. ऑस्ट्रियात १९ युरोत वर्षभराचं 'फोरटाइल्सकार्ड फॅमिली' मिळतं. मूल सोबत असलं की मोठ्यांना अर्ध्यापर्यंत सूट आणि चौदापर्यंतची चार मुलं फुकट. तरी एकूण ऐंशीच्या आसपास गेलेच, पण पुढच्या ऑस्ट्रियाच्या फेरीत कार्डाने ते भरून काढले.

बाबांना नंतर हा किस्सा सांगितला, तर ते हसले. "अगं, आधीची गाडी बेभरवशाची असेल तर पुढचं तिकीट मोकळं ठेवायचं. तू उलटं केलंस." रत्नागिरी आगारात उभ्या आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला दोन सेकंदांत जे दिसलं, ते मला ऐंशी युरो मोजून समजलं. म्हणजे तुकडे करायचेच असतील, तर ठरलेल्या गाडीचं तिकीट आधी आणि कुठल्याही लोकल गाडीला चालणारं नंतर. परतीच्या वाटेवर व्हिएन्ना ते साल्झबुर्ग स्वस्त तिकीट आणि पुढे बायर्न-टिकीट, हे बिनधास्त करा. जाताना मात्र अखंड तिकीट घ्या. अखंड तिकिटाचा फायदा ऑगस्टमध्ये दिसला. एका परतीच्या प्रवासात सत्तर मिनिटं उशीर झाला आणि अर्ज केल्यावर पाव भाडं परत आलं. युरोपीय संघाचा नियमच आहे: साठ मिनिटांच्या वर २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के.

तेव्हापासून मी गाडी शोधताना जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये गाडी बदलण्याचा वेळ कमीत कमी तीस मिनिटं लावून ठेवते. ती सोय आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. लिफ्ट बंद, आईचे गुडघे, धाकट्याची 'शू आली' आणि चार पिशव्या, एवढं सगळं अठरा मिनिटांत बसत नाही.

आई-बाबांसाठी दोन महिन्यांची डॉइचलँडटिकिटं काढली, तेव्हा महिन्याला माणशी ५८ युरो होते. जानेवारी २०२६ पासून ६३ झाले. पैसा वसूल. आम्ही कामावर गेलो की दोघं डबा घेऊन निघायची. लिंडाऊ, बेर्ष्टेसगाडेन, साल्झबुर्ग. साल्झबुर्गला तर बाबा तीनदा जाऊन आले, दोनदा एकटेच, नुसते फलाटावर गाड्या बघायला. पण ही वर्गणी आहे, आपोआप चालू राहते आणि बंद करायची तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत. आई-बाबा गणपतीसाठी बावीस ऑगस्टला परत गेले. मला वर्गणीची आठवण झाली चौदा ऑगस्टला. सप्टेंबरचे ११६ युरो गेले, रत्नागिरीत मोदक खाणाऱ्या दोन माणसांच्या जर्मन प्रवासासाठी.

प्रागची गाडी सगळ्यांना सर्वांत आवडली आणि ती सगळ्यात संथ होती. रेगेन्सबुर्ग, फुर्ट इम वाल्ड, प्लझेन्य करत साडेपाच तासांच्या वर. पण आत जुन्या पद्धतीच्या सहा जणांच्या बंद खोल्या. आम्ही बरोबर सहा. दार लावलं, आईने वर्तमानपत्र पसरलं, दडपे पोहे, कडबोळी, खोबऱ्याच्या वड्या निघाल्या आणि पुढचे दोन तास ती खोली कोकणकन्येचा डबा होती. या मार्गाचं तिकीट चेक रेल्वेच्या संकेतस्थळावरही बघा, आम्हाला तिथे जर्मन दरापेक्षा स्वस्त मिळालं.

स्वित्झर्लंड महाग आहे, त्यात वाद नाही. तरी तिथे दिवसभराची 'श्पारटागेसकार्टे' लवकर काढली तर मोठ्या माणसाला ५२ फ्रँकपासून मिळते. लेकीसाठी ३० फ्रँकचं वर्षभराचं ज्युनियर कार्ड घेतलं, त्यावर ती आई-बापाबरोबर फुकट. धाकटा सहाच्या आत. आम्ही कूरला दोन रात्री राहिलो आणि एक अख्खा दिवस कूर ते तिरानो आणि परत केलं. सगळे पर्यटक मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाडीच्या मागे असतात. तिला आरक्षणाचं शुल्क वेगळं. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात, आरक्षण लागत नाही, दिवसाची कार्टे चालते आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. पॅनोरमाच्या काचा उघडत नाहीत.

फिलिजूरच्या अलीकडे लांडवासरचा पूल येतो. १९०२ सालचा, दगडी, वळणावर, आणि पलीकडे गाडी थेट कड्याच्या पोटातल्या बोगद्यात घुसते. बाबा खिडकीशी उभे होते. मी सांगितलं, ६५ मीटर उंच आहे. ते म्हणाले, "आपला कोकण रेल्वेचा पानवलचा पूल ६४." मग जरा थांबून, "आणि लांबी?" मी बघून सांगितलं, १३६ मीटर. "आपला चारशे चोवीस," असं म्हणून ते समाधानाने खाली बसले. पुढे ओस्पित्सिओ बेर्निनाला, २,२५३ मीटरवर, भर जुलैत आईने शाल काढली.

कागदपत्रांचं एक सांगायलाच हवं. शेंगेन, म्हणजे आपापसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट, आहे म्हणून सीमाच नाही असं समजू नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. इन्सब्रुकहून परतताना रात्री पोलीस डब्यात चढले. आमची राहण्याच्या परवान्याची कार्डं हाताशी होती, मुलांचीही. आईचा पासपोर्ट मात्र कडबोळ्यांच्या पिशवीत तळाशी. पोलीस शांतपणे उभा राहिला आणि आई एकेक डबा काढून त्याच्यासमोर ठेवत गेली. शेवटी त्याने पासपोर्टापेक्षा कडबोळ्यांकडेच जास्त वेळ बघितलं.

लक्झेंबर्गबद्दल फार लिहायला नाही. २०२० पासून तिथे दुसऱ्या वर्गाची रेल्वे, बस, ट्राम सगळ्यांना फुकट आहे. जर्मनीतल्या ट्रियरला राहून एक दिवस जाऊन या. मुलांना ट्राममध्ये तिकीटच नाही म्हणजे काय, हे पटत नव्हतं.

एक तक्रार राहिलीच. जर्मनीत लांबच्या गाडीत कुटुंबाचं आरक्षण पूर्वी १०.४० युरोत पाच जणांपर्यंत व्हायचं. १५ जून २०२५ पासून ते बंद झालं. त्यानंतर प्रत्येक जागेचे ५.५० वेगळे पडायला लागले. आम्हा चौघांचे २२, सहा जणांचे ३३. तिकिटात वाचलेलं इथे निम्मं जातं, आणि लहान मुलांसोबत आरक्षणाशिवाय सुट्टीत चढायची माझी हिंमत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर वेळापत्रक बदलेल, तेव्हा नाताळसाठी पुन्हा ऑस्ट्रिया बघणार आहे. धाकट्याला मात्र आता सगळे नियम पाठ झालेत. तपासनीस दिसला की विचारायच्या आधीच पाच बोटं वर करून दाखवतो. पुढच्या ऑगस्टमध्ये तो सहाचा होतोय, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट दाखवायचं की नाही यावर त्याची नि ताईची आत्तापासून भांडणं चालू आहेत.