मुलांसाठी ६×३० दुर्बीण: उजनीच्या पाण्यावरचे सात महिने

६×३० म्हणजे सहापट मोठं दाखवणारी, ३० मिलिमीटर भिंगाची. दिवाळीत घेतलेली ही दुर्बीण मेअखेरपर्यंत चार वेळा उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला होडीतून फिरली, मधल्या रविवारी पुण्याजवळच्या कवडीपाटला, पक्षी बघायला. वापरणारी दोघं: मुलगी सात वर्षांची, मुलगा दहाचा. आता ठामपणे लिहू शकते.

घरात आधी १०×५० होती. तिच्यातून मुलीला कायम दोन वेगवेगळे गोल दिसायचे आणि ती "काहीच दिसत नाही" म्हणून खाली ठेवायची. मला वाटायचं, कंटाळते. खरं कारण डोळ्यांतलं अंतर होतं. मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणी ५६ मिलिमीटरच्या खाली मिटतच नाहीत आणि तिच्या बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं तर ५२ भरलं. ही नवी दुर्बीण ५० पर्यंत मिटते. डिसेंबरात भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर तिने ती डोळ्यांना लावली आणि पाच मिनिटं एक शब्द बोलली नाही. खरेदीला जाताना मूल सोबत न्या, एवढं नक्की करा.

सहापट म्हणजे कमी, असं दुकानात ऐकवतात. जमिनीवर ते खरं असेलही. पण होडी हलते, मुलाचा हात हलतो आणि दहापटीत ते हलणंही दहापट होतं. सहापटीत चित्र टिकतं, शिवाय जास्त पाणी एका नजरेत मावतं, त्यामुळे उडता पक्षी मुलांना पटकन सापडतो. पट्टकादंब या हिवाळी पाहुण्या हंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मुलाने स्वतः मोजले. हिमालय ओलांडून आलेला पक्षी आहे हे सांगितल्यावर तो किती तरी वेळ त्याच थव्यावर खिळला होता.

जानेवारीअखेर रोहित (फ्लेमिंगो) भरपूर होते. चोच उलटी करून चिखलपाणी गाळणं दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं. मुलांना मी एक खूण शिकवली: सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या आणि थवा चालू लागला, की आपण फार जवळ आलोय. तेव्हा नावाड्याला "मामा, इथेच थांबवा" म्हणायचं. शेजारच्या एका होडीने फोटोसाठी थवा मुद्दाम उडवला. मुलीला ते अजून आठवतं, मलाही.

पण दुर्बिणीचे पैसे खरे वसूल झाले एप्रिलमध्ये. भीमेवरच्या या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, मग मधे उघडी बेटं वर येतात आणि त्यांच्यावर नदी सुरय (रिव्हर टर्न) हे पाणपक्षी अंडी घालतात. घरटं असं नसतंच, जमिनीत नुसता खळगा आणि दोन-तीन ठिपकेदार अंडी. आमच्या नावाड्याने आपणहून विचारलं, "उतरायचं का ताई? पोरांना जवळून दिसतील." मुलगा तर उभाच राहिला होता. मी नको म्हटलं. माणूस बेटावर उतरला की आई-बाप उडतात आणि दुपारच्या उन्हात उघडी अंडी भाजून निघतात. होडी लांब उभी केली, इंजिन बंद. मग मुलाने मला हाक मारून दाखवलं: एक सुरय पाण्यात पोट बुडवून आली आणि अंडी गार ठेवायला ओल्या पिसांनीच त्यांच्यावर बसली. पुन्हा गेली, पुन्हा ओली होऊन आली. बेटावर उतरलो असतो तर हे घडलंच नसतं. दोघांनी पाळीपाळीने अर्धा तास पाहिलं, भांडण न करता.

आता उणिवा. फोकसचं चाक घट्ट आहे, मुलीला दोन्ही हातांची बोटं लावावी लागतात. पाचव्या महिन्यात डोळ्याकडचं एक रबर फाटलं. विक्रेत्याने तीन आठवडे फिरवलं आणि शेवटी नुसतं रबर मिळत नाही म्हणून हात वर केले. सोबतचा पट्टा मुलांच्या मानेला काचतो. मी रुंद सुती पट्टा शिवून घेतला आणि होडीत तो लाइफ जॅकेटच्या वरूनच घालते. भिंगं पदराने पुसू नका, आधी फुंकून धूळ उडवा. उजनीकाठची बारीक माती चरे पाडते.

घरात दुर्बीण एकच घ्यायची असेल आणि मूल दहाच्या आतलं असेल, तर सहापट घ्या. बारा-तेराव्या वर्षी ८×४२ कडे वळता येईल. आमचा मुलगा आता तीच मागतोय. ही मुलीकडेच राहणार आहे, डिसेंबरच्या फेरीसाठी तिने ती कपाटात सर्वात वर ठेवायला लावली आहे.