६ जानेवारीच्या दोन हरकती: २००५ आणि २०२१

अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, अध्यक्षीय निवडणुकीनंतर ६ जानेवारीला राज्यांची मतं मोजली जातात. तिथे २००५ साली सिनेटर बार्बरा बॉक्सर आणि प्रतिनिधी स्टेफनी टब्ज जोन्स यांनी ओहायो राज्याच्या मतांवर हरकत घेतली. हरलेले उमेदवार जॉन केरी यांनी दोन महिन्यांपूर्वीच पराभव मान्य केला होता. प्रश्न होता यंत्रं कमी पडल्यामुळे तासन्‌तास रांगेत ताटकळलेल्या मतदारांचा. सिनेटमध्ये ती हरकत १ विरुद्ध ७४ अशी फेटाळली गेली.

२०२१ ला अ‍ॅरिझोना, पेन्सिल्व्हेनियावर हरकती आल्या, त्याही हरलेल्या ट्रम्प यांच्या बाजूचे गैरप्रकारांचे दावे न्यायालयांनी फेटाळल्यानंतर. त्याच दुपारी ट्रम्पसमर्थकांचा जमाव सभागृहात घुसला, तरीही पेन्सिल्व्हेनियाच्या हरकतीला १३८ प्रतिनिधींनी साथ दिली. हे मला अजून सलतं.

मला पहिलीच पटते. पण २०२२ च्या कायद्यानुसार हरकतीसाठी दोन्ही सभागृहांत एकपंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. बॉक्सरबाईंची एकटीची सही आज पुरणार नाही.