सुरतेच्या पत्रासाठी साडेअठराशे पौंड गेले

इंग्लंडमध्ये राहून शिवकाळाचे जुने कागद शोधणारे बरेच मराठी लोक मला माहीत आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. गेल्या वर्षी माझी १,८५० पौंडांची फसवणूक झाली.

मी मूळचा साताऱ्याचा, वीस वर्षं लेस्टरला आहे. एका लिलावाच्या साइटवर जाहिरात दिसली: सॉमरसेटमधल्या एका जमीनदार घराण्याचं दप्तर, १६२८ ते १६८१. तेवीस कागद, सोबत चाळीस पानांचा टाइप केलेला कुलवृत्तान्त. आडनाव इथे देत नाही. त्या आडनावाची खरी माणसं आहेत आणि त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

कुलवृत्तान्त वाचला आणि मी त्यात गुंतलो. आजोबांनी लोकरीच्या व्यापारातून जमीन केलेली. १६४२ला यादवी सुरू झाली तेव्हा मुलगा राजाच्या, पहिल्या चार्ल्सच्या बाजूने उभा राहिला. राजाचा पक्ष हरला, संसदेने जमीन जप्त केली. ती सोडवायला लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमधल्या समितीकडे दंड भरावा लागला. मालमत्तेच्या सहाव्या हिश्शाचा दंड, आणि तो भरायला निम्मी शेतं विकली. १६६०ला दुसरा चार्ल्स गादीवर आला तरी ती शेतं परत मिळाली नाहीत, कारण कागदावर ती राजीखुशीने विकलेली होती. घर खालावलं, म्हणून धाकटा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला गेला.

राजाच्या बाजूच्या अनेक घरांचं त्या काळी असंच झालं होतं. म्हणूनच मला शंका आली नाही. इतिहास खरा होता, घराणं तेवढं रचलेलं होतं.

आणि मग ते पत्र. धाकट्याने बापाला लिहिलेलं. शिवाजीचे स्वार शहरात शिरले, व्यापाऱ्यांचे वाडे जळतायत, आम्ही वखारीची दारं लावून आत बसलोय. जानेवारी १६६४मध्ये इंग्रजांनी सुरतेची वखार खरोखरच राखली होती, ऑक्सेंडन तेव्हा तिथला मुख्य होता. महाराजांबद्दल त्याच आठवड्यात कुणीतरी डोळ्यांनी पाहून लिहिलेलं पत्र आपल्या हातात येणार, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. साताऱ्याला दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, आधी कुणाला तरी दाखव." मी ऐकलं नाही.

विक्रेता फोनवर अतिशय सभ्यपणे बोलला. कागद आजीच्या माळ्यावर सापडले म्हणाला. अमेरिकेतला एक ग्राहक संध्याकाळपर्यंत पैसे पाठवतोय, पण तुम्हाला खरी आस्था दिसते म्हणून तुम्हाला आधी विचारतो. साइटचं कमिशन वाचवायला पैसे थेट बँकेत पाठवा. मी पाठवले. साइटवरून व्यवहार झाला असता तर निदान तिथे तक्रार करता आली असती.

पाकीट आलं. त्यात दोन चर्मपत्रं अस्सल होती, मेणाच्या मोहरेसकट. जाहिरातीत जवळून काढलेले फोटो नेमके त्यांचेच होते. अशी सुटी, किरकोळ खरेदीखतं इथे अगदी थोड्या पैशांत मिळतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन खऱ्या कागदांच्या आडून एकवीस खोटे माझ्या गळ्यात पडले.

पत्राचा वरचा भाग फोटोत दुमडलेला होता. तो उघडला आणि पोटात गोळा आला. वर लिहिलं होतं, 'कंपनीचं घर, मुंबई, जानेवारी १६६४'. तेव्हा मुंबई पोर्तुगीजांकडे होती. इंग्रजांच्या ताब्यात ती १६६५ला आली, कंपनीला मिळाली १६६८ला. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे त्या जानेवारीत इंग्रज माणूस साल १६६३ लिहायचा, फार तर १६६३/४.

कागद घेऊन मी सॉमरसेटच्या जिल्हा दप्तरखान्यात, टॉन्टनला गेलो. तिथल्या बाईंनी पत्र उजेडासमोर धरलं. तारांच्या साच्यावर केलेल्या जुन्या कागदात समांतर रेषा दिसतात, त्या यात नव्हत्या. तसा सपाट कागद इंग्लंडमध्ये १७५०च्या दशकात आला. मग चुलीवरच्या कराची पावती पाहिली, तिच्यावर साल १६५९. तो करच १६६२ला सुरू झाला. जहागिरीच्या न्यायसभेचा १६५४चा उतारा लॅटिनमध्ये होता, पण १६५१पासून १६६०पर्यंत असं कामकाज कायद्याने इंग्रजीत लिहायचे. त्या बाई फार हळुवारपणे एकेक गोष्ट सांगत होत्या. मला मान वर करवेना.

पुढे मी स्वतः शोधलं. दंड भरणाऱ्यांची कागदपत्रं लंडनमधल्या क्यू भागातल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत, सुरतेच्या वखारीची ब्रिटिश लायब्ररीत. हे घराणं दोन्हीकडे नाही. सुरतेला तेव्हा मोजकेच इंग्रज होते, असं नाव सापडायला वेळ लागला नसता. हा शोध पैसे पाठवायच्या आधी घेता आला असता आणि त्याला एक पैसाही लागला नसता.

पोलिसांत तक्रार दिली आहे. बँकेने पैसे परत दिले नाहीत. विक्रेत्याचा फोन बंद आहे. आईला मी ते पत्र व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं होतं, तिने डोळे पुसले होते. ते खोटं होतं हे तिला सांगताना मला सगळ्यात जड गेलं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका साइटवर तेच वळण, तीच शाई दिसली. या वेळी घराणं डेव्हनचं आहे आणि धाकटा मुलगा १६७४ला रायगडावर राज्याभिषेकाला हजर आहे. पत्राचा वरचा भाग फोटोत दुमडलेला आहे. मी साइटला कळवलंय, पण आज सकाळी पाहिलं तेव्हा जाहिरात तिथेच होती.